पालक सुभेदार रामजी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संपूर्ण नावात मधोमध जे नाव येते, त्या नावाच्या माणसाविषयी आपल्याकडे फार थोडे लिहिले गेले आहे. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा उल्लेख बाबासाहेबांच्या प्रत्येक चरित्राच्या पहिल्या-दुसऱ्या प्रकरणात येतो आणि 1913 साली त्यांचे निधन झाले की चरित्रकार पुढे निघून जातो. चरित्रकाराचे ते योग्यच. त्याला लांबचा पल्ला गाठायचा असतो. आम्ही मात्र शाळा चालविणारी माणसे. दरवर्षी जून महिन्यात, मावळातला पाऊस कोसळत असताना, आई-वडील सहा-सात वर्षांचे मूल आमच्या हाती सोपवून वलवणच्या फाटकातून परत फिरतात. त्या पाठमोऱ्या माणसांकडे पाहताना सुभेदारांची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हणून या स्मरणिकेत त्यांचे चरित्र एका पालकाचे चरित्र म्हणून सांगावे असे आम्ही योजिले.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी हे सैन्यात होते. रामजीही सैन्यातच गेले. त्या काळी महार समाजातील तरुणाला गावकीच्या बाहेर नेणारी जी मोजकी दारे होती, त्यांत पलटणीचे दार सर्वांत रुंद होते, आणि त्या दाराआड एक वस्तू अशी होती की जी गावात कोणत्याही किमतीस मिळत नव्हती: शाळा. शिपायांच्या मुलांनी शिकावे असा पलटणीचा नियम होता. मुलांसाठी दिवसाची शाळा आणि मोठ्यांसाठी रात्रीची, अशी सोय छावण्यांतून होती. रामजी पुण्यास शिक्षकाचे शिक्षण देणाऱ्या लष्करी शाळेत शिकले, शिक्षक झाले, आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. सुभेदार ही त्यांची पदवी लोकांच्या तोंडी राहिली. मुख्याध्यापक ही ओळख मागे पडली. आमच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे.

त्यांचा विवाह ठाणे जिल्ह्यातील मुरबाडकर घराण्यातील भीमाबाईंशी झाला. हे घराणेही सैनिकी परंपरेचे आणि सकपाळांपेक्षा सुस्थितीतले. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली. जगली ती थोडी. बलराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे व मंजुळा, तुळसा या मुली यांची नावे चरित्रांतून येतात. चौदावे अपत्य भीमराव. 14 एप्रिल 1891 रोजी महू येथील लष्करी छावणीत त्याचा जन्म झाला. तो अगदी लहान असतानाच सुभेदार निवृत्त झाले आणि कुटुंब कोकणात दापोलीस आले. तेथे भीमराव व आनंदराव यांची शाळा सुरू झाली. पुढे सुभेदारांना सातारा येथे नोकरी मिळाली आणि बिऱ्हाड सातार्‍यास हलले. तेथेच भीमाबाईंचे निधन झाले. धाकटा मुलगा तेव्हा पुरता कळता झाला नव्हता. सुभेदारांची बहीण मीराबाई घरात होती. शरीराने अधू, पायांनी दुबळी, पण या पोरक्या मुलांना तिने पोटाशी धरले.

सुभेदार कबीरपंथी होते. मद्यमांस त्यांना वर्ज्य होते. सकाळ-संध्याकाळ घरात भजन होई, संतांचे अभंग म्हटले जात, आणि मुलांनी त्या वेळी हजर राहिलेच पाहिजे असा दंडक होता. महात्मा जोतीराव फुले यांच्याविषयी त्यांना आदर होता. सैन्यातील महारांची भरती सरकारने बंद केली तेव्हा न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत ते होते. सार्वजनिक कार्याची ही त्यांची बाजू स्वतंत्र लेखाची आहे. येथे तिचा उल्लेख एवढ्याचसाठी, की मुलांचे शिक्षण ही त्यांच्या लेखी खासगी गोष्ट नव्हती. जे दार सरकारने आपल्या समाजाला बंद केले, ते आपल्या घरात तरी उघडे राहावे ही त्यामागची तळमळ दिसते.

घरातील शिक्षणाची त्यांची रीत जुन्या पंतोजीची होती. पण ती डोळस होती. इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनमाला पाठ करून घ्यायची, तर्खडकरांच्या भाषांतरमालेतून मराठीचे इंग्रजी आणि इंग्रजीचे मराठी करून घ्यायचे, नेमका शब्द सापडेपर्यंत मुलाला सोडायचे नाही. रामायण-महाभारताचे वाचन घरी चाले. त्यात एक विशेष असे, की वाचायचे मुलांनी आणि ऐकायचे बहिणींनी व घरी जमलेल्या मंडळींनी. भीमराव व त्याचे वडील बंधू यांनी वर्षानुवर्षे हे केले, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. आम्हां शिक्षकांना या गोष्टीचे महत्त्व लगेच कळते. मुलाने शाळेत मिळविलेली विद्या घरातल्यांच्या उपयोगी पडते आहे, आपण वाचतो आणि मोठी माणसे कान देऊन ऐकतात, हा अनुभव मुलाला जे बळ देतो ते कोणत्याही प्रगतिपुस्तकातील शेऱ्याने येत नाही.

7 नोव्हेंबर 1900 रोजी सातार्‍याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. हा दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत नाव दाखल झाले म्हणजे शाळेने मूल स्वीकारले असे मात्र नव्हते. भीमरावाने वर्गात वेगळे बसायचे, तेही स्वतःच्या गोणपाटावर. त्या गोणपाटास शाळेचा गडी शिवत नसे, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी घालायचे. शिपाई नसेल तर तहानलेलेच राहायचे. या गोणपाटाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील एक बाजू पालक म्हणून ध्यानात घ्यावी: ते रोज घरी येत होते. मुलाच्या शाळेत काय घडते हे रामजींच्या घराला कोणी पत्राने कळविण्याची गरज नव्हती. शाळेचा अपमान रोज संध्याकाळी गुंडाळी होऊन उंबर्‍याच्या आत येत होता आणि दुसऱ्या दिवशी तेच घर ती गुंडाळी मुलाच्या काखेत देऊन त्याला पुन्हा शाळेत पाठवीत होते.

सातार्‍यात न्हावी या मुलांचे केस कापीत नसे. पैसे देण्याची ऐपत असूनही नाही. ते काम थोरली बहीण करी. भावांना घराच्या ओट्यावर बसवून तिने केस कापावेत आणि मुलांनी नीटनेटके शाळेत जावे, असा क्रम होता. शाळेला पाठविण्यात या बहिणीचा वाटा किती, हे कोणत्याही हजेरीपटावर नाही.

त्या शाळेत माणुसकीचे झरेही होते, हे सांगितले पाहिजे. आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक आपल्या शिदोरीतील भाजी-भाकर या मुलाला देत. दुपारी जेवणासाठी घरी धावताना त्याचा अभ्यास बुडू नये ही त्यामागची काळजी. आंबडवेकर हे गावावरून आलेले आडनाव सोडून या गुरुजींचे आडनाव भीमरावाला मिळाले, अशी कथा रूढ आहे. पेंडसे नावाचे दुसरे शिक्षक. पावसात चिंब भिजून आलेल्या भीमरावाला त्यांनी आपल्या मुलाबरोबर स्वतःच्या घरी धाडले, ऊन पाण्याने अंग धुवविले आणि कोरडे वस्त्र दिले. शिक्षकाचे घर आणि विद्यार्थ्याचे घर यांच्यातील अंतर अशा एखाद्या पावसाळी सकाळी घटते.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे येत आहोत, तो बाबासाहेबांनी स्वतः सविस्तर लिहून ठेवला आहे. आपल्या बहुतेक वाचकांना तो ठाऊक असेल. परंतु तो अस्पृश्यतेच्या अनुभवाची कथा म्हणून. आम्हांला त्यात एका पत्राची कथा दिसते.

साल 1901. सुभेदार तेव्हा सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळात माणसे मरत होती आणि त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. सातार्‍याच्या घरी भीमराव, त्याचे वडील बंधू आणि वारलेल्या थोरल्या बहिणीचे दोन मुलगे असे चौघे राहत. आत्याला चालणे कठीण, म्हणून स्वयंपाकही पोरेच करीत. चपात्या जमत नसत, तेव्हा भात शिजवून त्यावर भागवीत. एका अर्थी ते घर म्हणजे पालकांवाचून चाललेले एक छोटेसे वसतिगृहच होते. उन्हाळ्याच्या सुटीत सर्वांनी आपल्याकडे यावे, असे वडिलांनी कळविले. मुलांच्या आनंदाला सीमा राहिली नाही. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे अशी तयारी झाली. कोणत्या दिवशी निघतो, कोणत्या गाडीने मसूर स्टेशनावर उतरतो, हे मुलांनी पत्राने वडिलांस कळविले आणि ती निघाली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूरला उतरल्यावर न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन ओस पडले. कपड्यांवरून बऱ्या घरची वाटणारी ही मुले महारांची आहेत हे कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा पालटला. गाडीवानांपैकी कोणी त्यांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनी हाकायचे आणि तो पायी चालणार. घरून बांधून आणलेले अन्न होते. पण पाणी मिळेना, म्हणून ते घशाखाली उतरेना. रात्र नाक्यापाशी उपाशी काढावी लागली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मुले वडिलांच्या मुक्कामी पोहोचली, तेव्हा मुलांना दारात पाहून सुभेदार चकित झाले. त्यांना काहीच कळले नव्हते. मुलांचे पत्र आले होते. ज्या गड्याच्या हाती ते पडले, तो ते द्यायला विसरला होता.

ही चूक लहान होती. एक कागद एका हातातून दुसऱ्या हातात गेला नाही, एवढेच. परंतु ज्या समाजात चार मुले तहानेने व्याकूळ झाली तरी कोणी पाणी देत नाही, तेथे असे पत्र हेच मुलांचे एकमेव संरक्षण असते. ते पोहोचले असते तर वडील किंवा त्यांचा माणूस गाडी घेऊन स्टेशनावर आला असता. इतर मुलांच्या बाबतीत घर आणि मूल यांच्यामध्ये गाव उभे असते, शेजार असतो, ओळखीचा दुकानदार असतो. या मुलांच्या बाबतीत तेथे काहीच नव्हते. आमच्या कार्यालयात पालकांना निरोप पाठविण्याचे काम ज्यांच्याकडे असते, त्यांना आम्ही हा प्रसंग आवर्जून सांगत असतो. फोन नंबर बदललेला असतो, शेजाऱ्याच्या फोनवर दिलेला निरोप आईपर्यंत जात नाही, पत्र वाचून दाखवायला घरी कोणी नसते. साधने बदलली, पण विसरणारा गडी आजही कोठे ना कोठे असतोच.

सुभेदारांनी दुसरा विवाह केला. लहानग्या भीमरावाच्या मनाला ते लागले. आईचे दागिने दुसरीच्या अंगावर पाहणे त्याला सहन होईना. आपल्या पायांवर उभे राहायचे आणि वडिलांवर अवलंबून राहायचे नाही, असे त्याने मनाशी ठरविले. सातार्‍याची मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात हे त्याने ऐकले होते. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कनवटीचा बटवा लांबविण्याचा बेत केला. काही रात्री जागल्यावर तो हाती आला, तर आत निघाला अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याने मुलाला शरमिंदे केले आणि गिरणीचा विचार सोडून तो अभ्यासाला लागला. येथे आम्हांला सुभेदारांना झुकते माप द्यायचे नाही. इतका दक्ष, इतका शिस्तीचा पालक. तरीही आपल्या घरात धाकटा मुलगा शाळा सोडून पळण्याच्या बेतात आहे, याचा त्यांना पत्ता असल्याचे दिसत नाही. अभ्यास घेणे आणि मन जाणणे ही दोन कामे वेगळी आहेत. शिस्तप्रिय वडिलांच्या हातून दुसरे पुष्कळदा राहून जाते.

पुढे कुटुंब मुंबईस आले. सातार्‍याहून पुण्यामार्गे मुंबईस जाणारी आगगाडी बोरघाटातूनच उतरते, म्हणजे आपल्या लोणावळ्यावरून. तेव्हा वलवणचे धरण झालेले नव्हते. परळला डबक चाळीत एका खोलीत संसार मांडला गेला. त्याच खोलीत चूल, तेथेच सरपण, तेथेच जाते, एका बाजूला शेळी, आणि तेथेच एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाची अभ्यासाची जागा. सर्वांना एका वेळी पाय पसरायलाही जागा नसे. सुभेदारांनी त्यावर तोडगा काढला. मुलाने रात्री लवकर झोपायचे आणि वडिलांनी जागायचे. दोन वाजता ते त्याला उठवीत आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी स्वतः आडवे होत. मिणमिणत्या दिव्यापाशी मुलगा उजाडेपर्यंत वाचीत बसे. घरात जागा नसताना मुलाला अभ्यासाला जागा द्यायची तर ती वेळेतून काढावी लागते, हे या निवृत्त सैनिकाने पहार्‍याच्या पाळीवरून ओळखले असावे.

शाळेत मात्र सातारा संपलेला नव्हता. शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलाविले तर वर्गात गलका उडे, कारण फळ्यामागे इतर मुलांचे डबे असत. ते हलविल्याशिवाय भीमरावाला फळ्याला हात लावता येत नसे. संस्कृत शिकायची इच्छा असून फारसी घ्यावी लागली. घरी येऊन हे सांगायला कोणी होते आणि ऐकणारा माणूस शाळा आतून ओळखणारा होता, ही या मुलाची शिदोरी.

सुभेदारांचे निवृत्तिवेतन महिना पन्नास रुपये. एवढ्यात दोन मुलांचे शिक्षण चालेना, तेव्हा आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले. बलराम आधीच कामाला लागले होते. आम्ही या दोन भावांची नावे मुद्दाम लिहीत आहोत. भीमरावाला पाठ्यपुस्तकांबाहेरची पुस्तके वाचण्याचा नाद होता. वडिलांना तो फारसा पसंत नव्हता; आधी शाळेचा अभ्यास, असे त्यांचे मत. तरीही मुलाने पुस्तक मागितले की ते घराबाहेर पडत. लग्न होऊन मुंबईत राहणाऱ्या धाकट्या मुलीकडे आधी जात. तिच्याकडे पैसे नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही रोकड नसली तर ती अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो सावकाराकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई, आणि निवृत्तिवेतन हाती येताच दागिना सोडवून मुलीला परत केला जाई. हे कितीदा घडले याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

पालकसभेत काही माता आमच्याकडे पाहून संकोचाने गप्प बसतात. आम्हांला लिहिता-वाचता येत नाही, आम्ही शाळेच्या कामात काय सांगणार, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर असतो. सुभेदार स्वतः मुख्याध्यापक होते, म्हणून त्यांचे उदाहरण आपल्याला लागू नाही, असेही एका पालकांनी आम्हांला सांगितले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. तर्खडकरांची भाषांतरमाला घरी शिकविणे प्रत्येकाला साधणारे नाही. पण या घरात शिकविण्याचे काम एकाने केले आणि शिक्षण टिकविण्याचे काम साऱ्यांनी. केस कापणारी बहीण, दागिना काढून देणारी मुलगी, नोकरी पत्करणारा भाऊ, अधू पायांची आत्या. यांच्यापैकी कोणी शाळेची पायरी चढून गुरुजींशी बोलायला गेले नसेल. शाळेत मात्र त्यांचा मुलगा रोज पोहोचत होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले, ते चांगलेच झाले. त्या खुर्च्यांवर बसणाऱ्या मातांनी या घरातल्या स्त्रियांना आपल्या पूर्वजा मानाव्यात.

भीमरावाचे यश साजरे करावे असे समाजातील मंडळींना वाटले, तेव्हा सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल ही त्यांची भीती. मंडळींनी कृष्णराव अर्जुन केळुसकर यांना मध्ये घातले. केळुसकर गुरुजी हे सुभेदारांचे स्नेही. त्यांच्या शब्दाखातर सुभेदार राजी झाले आणि सभा झाली. चरित्रांतून ही सभा 1907 सालच्या मॅट्रिकच्या यशाची म्हणून सांगितली जाते, तर बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेल्या आठवणीत इंग्रजी चौथीचा उल्लेख आहे. आम्ही बाबासाहेबांचे लेखन प्रमाण मानतो. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. 1956 साली नागपुरास जे घडले त्याच्या वाटेवरचा पहिला दगड हा, असे अनेकांनी लिहिले आहे. आम्ही एवढेच जोडतो, की तो दगड ठेवला गेला तेव्हा एक शिक्षक आणि एक पालक एकमेकांशी हुज्जत घालण्याइतके जवळचे होते.

भीमराव पदवीधर झाले आणि वडिलांची फारशी इच्छा नसताना बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. थोड्याच दिवसांत सुभेदार अत्यवस्थ असल्याची तार गेली. मुलगा तातडीने निघाला. वाटेत सुरतेस वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो उतरला आणि गाडी सुटून गेली. मुंबईस पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. सुभेदारांचा जीव जणू मुलासाठीच अडकला होता. त्याला पाहून, त्याच्या पाठीवर हात फिरवून त्यांनी प्राण सोडला. तो दिवस 2 फेब्रुवारी 1913.

त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कला गेले. तेथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिले. स्नेही आपल्या मुलीला शिकवीत होते. त्यांनी हाच विचार जातभाईंमध्ये पसरवावा, आई-वडील मुलांच्या आयुष्याला वळण देऊ शकतात, असा त्या पत्राचा आशय होता. 1923 साली लंडनमध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. चलनव्यवस्थेवरचा तो अवघड ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे, आणि अर्पणपत्रिकेत कारणही दिले आहे: आपल्या शिक्षणासाठी त्या दोघांनी केलेला त्याग आणि त्या बाबतीत दाखविलेली दृष्टी.